‘लाइफ ऑफ पाय’ : एका वाचकाचे मनोगत

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी यंदाच्या संमेलनात ‘मला आवडलेले पुस्तक’ या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आमच्या मनात प्रथम संकोचच उत्पन्न झाला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि त्यावर अध्यापनाचा दोन वर्षांचा वर्ग पुरा केलेले खेड्यातील शिक्षक. साहित्याची चिकित्सा करावी असा आमचा अधिकार नव्हे. तथापि ज्या पुस्तकाविषयी आम्ही बोलणार आहोत ते समुद्राविषयीचे आहे, आणि समुद्राविषयी बोलण्याचा अधिकार आपल्या ज्ञातीतील कोणालाही जन्मतःच प्राप्त होतो. आपल्यातील कित्येक घरे समुद्रावर जगली, आणि काही घरांचा कर्ता पुरुष समुद्राने परत दिला नाही. आमचे घर त्यांपैकीच एक होय. हे आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पुस्तकाचे नाव ‘लाइफ ऑफ पाय’. लेखक यान मार्टेल हे कॅनडाचे. त्यांचा जन्म १९६३ साली स्पेनमधील सालामांका या गावी झाला. लंडनच्या पाच प्रकाशकांनी हे हस्तलिखित परत पाठविले होते असे सांगतात. पुढे २००१ साली ते प्रसिद्ध झाले, २००२ साली त्यास बुकर पारितोषिक मिळाले, आणि २०१२ साली अँग ली यांनी त्यावर चित्रपट काढला, त्यास चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. आपल्या तरुण मंडळींनी चित्रपट पाहिला असेल. आम्ही मात्र २०१९ साली सेवानिवृत्त झाल्यावर कन्येने भेट दिलेले मूळ इंग्रजी पुस्तक, शेजारी शब्दकोश ठेवून, पाच महिन्यांत वाचून पुरे केले.

कथानक थोडक्यात असे. पाँडिचेरीस एका प्राणिसंग्रहालयाच्या मालकास दोन मुलगे. धाकट्याचे नाव पिसीन मॉलिटॉर पटेल. पॅरिसमधील एका प्रसिद्ध जलतरण तलावावरून ठेवलेले हे नाव शाळेतील पोरांना चेष्टेस आयतेच सापडले. तेव्हा या मुलाने नव्या शाळेत पहिल्याच दिवशी प्रत्येक तासाला फळ्यापाशी जाऊन ‘पाय’ हे ग्रीक अक्षर काढले, पुढे ३.१४ असा आकडा लिहिला आणि आपले नाव स्वतःच ठरवून घेतले. चाळीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेल्या आमच्यासारख्याने येथेच पुस्तकाशी स्नेह जोडला.

हा मुलगा जन्माने हिंदू. चौदाव्या वर्षी मुन्नारला सुटीत गेला असता एका पाद्र्याच्या सहवासाने तो ख्रिस्ताकडे ओढला जातो. पंधराव्या वर्षी एका गरीब पाववाल्या सूफी गृहस्थाबरोबर नमाज पढू लागतो. आणि देवळात जाणेही सोडीत नाही. तिन्ही धर्मांचे गुरू एके दिवशी समुद्रकिनारी एकदमच भेटतात आणि याने एकच काय ते पत्करावे म्हणून हुज्जत घालतात. मुलास निवड करावयाचीच नसते; त्यास फक्त भक्ती करावयाची असते. गंमत अशी की, त्याचा आवडता शास्त्रशिक्षक पूर्ण निरीश्वरवादी असून त्याचे आणि त्या सूफी पाववाल्याचे नाव एकच आहे : कुमार. लेखकाने हे सहज केले असेल असे आम्हांस वाटत नाही.

पुढे आणीबाणीच्या काळात देशाचा कंटाळा येऊन पटेल कुटुंब कॅनडास जावयास निघते. काही प्राणी विकलेले, ते त्याच जपानी मालवाहू जहाजावर. २ जुलै १९७७ रोजी जहाज पॅसिफिक महासागरात बुडते. आईवडील व भाऊ जातात. सोळा वर्षांचा पाय एका होडीत वाचतो. आणि त्या होडीत असतात पाय मोडलेला झेब्रा, तरस, ओरांगउटान वानरी आणि ताडपत्रीखाली दडलेला बंगाली वाघ. वाघाचे नाव रिचर्ड पार्कर. थोड्याच दिवसांत तरस झेब्र्यास व वानरीस खातो आणि वाघ तरसास. मग उरतात दोघेच. आणि हे दोघे २२७ दिवस त्या होडीत राहून मेक्सिकोच्या किनाऱ्यास लागतात.

वाघाच्या या नावास इतिहास आहे. १८८४ साली ‘मिन्योनेट’ नावाची नौका बुडाली असता उपाशी खलाशांनी आपल्यातील एका सतरा वर्षांच्या पोरास मारून खाल्ले. त्या पोराचे नाव रिचर्ड पार्कर. इंग्लंडात त्याचा मोठा खटला झाला, फाशीची शिक्षा झाली, आणि ती पुढे सहा महिन्यांच्या कैदेवर आली. वाघास हेच नाव देऊन लेखकाने पुस्तकाच्या अखेरीची खूण आरंभीच पुरून ठेवली आहे.

जहाजाचे नाव ‘त्सिमत्सुम’ हेही तसेच अर्थपूर्ण. सोळाव्या शतकातील आयझॅक लूरिया या यहुदी गूढवाद्याच्या मते परमेश्वराने जगास जागा व्हावी म्हणून स्वतःचा संकोच करून घेतला, तो मागे सरला. त्या मागे सरण्याचे नाव त्सिमत्सुम. ज्याचे सर्वस्व बुडते त्यास देव मागे सरल्यासारखाच वाटतो, हे आपल्यातील भोगलेल्या माणसांस वेगळे सांगावयास नको.

आता या पुस्तकातील ज्या गोष्टीने आम्हांस धरून ठेवले ती सांगतो. पुष्कळांस वाटते की, हा मुलगा देवावरील श्रद्धेने तरला. आम्हांस तसे सरळ दिसले नाही. तो तरला तो वेळापत्रकाने. एका प्रकरणात त्याने आपल्या दिवसाचा क्रमच दिला आहे : उठणे, प्रार्थना, वाघाचे खाणे, होडीची तपासणी, उन्हाने खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणाऱ्या साधनांची निगा, मासेमारी, पुन्हा प्रार्थना, रोजनिशी. एवढ्या अफाट पाण्यात ज्याला कोठेच जावयाचे नाही, त्याने घटका-घटकेचे काम ठरवून घेतले. आमच्या वाडवडिलांनी ज्यास नित्यनेम म्हटले तो हाच. देव प्रसन्न व्हावा म्हणून नेम असतो असे आम्ही लहानपणी समजत होतो. वस्तुतः आजचा दिवस ओलांडून उद्याच्या दिवशी पोचण्याची ती वल्ही आहेत.

दुसरी गोष्ट वाघाची. आरंभी मुलगा वल्ही आणि जीवनरक्षक जाकिटे बांधून तराफा करतो व होडीपासून दूर दोरीने बांधून त्यावर बसतो. मग त्याच्या ध्यानात येते की, वाघास मारता येणार नाही आणि टाळताही येणार नाही. त्यास पोसलेच पाहिजे व वळणही लाविले पाहिजे. शिट्टी फुंकून आणि कासवाच्या पाठीची ढाल हाती धरून तो त्यास आपली हद्द शिकवितो. पुढे तो मोकळेपणाने कबूल करतो की, हा वाघ नसता तर आपण निराशेनेच मेलो असतो. ज्याचे भय वाटते त्याचेच पोषण करता करता माणूस जगतो, असा अनुभव आपल्यातील कित्येक विधवा मातांचा असेल. लहान लेकरांची भूक हाही एक वाघच असतो.

तिसरी गोष्ट फार लहान आहे, पण ती वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. पाय हा शाकाहारी. पहिला उडता मासा हाती येतो तेव्हा त्यास मारताना तो रडतो. आणि त्यानंतर आयुष्यभर रोजच्या प्रार्थनेत त्या माशाची आठवण करतो. नंतर याच हातांनी तो कासवे कापतो, रक्त पितो, कसलाही विधिनिषेध उरत नाही. परंतु पहिल्या माशाचे स्मरण सोडीत नाही. भूक माणसास काय काय करावयास लाविते हे लेखकाने झाकलेले नाही, आणि तरी माणूसपणाचा एक धागा तुटू दिलेला नाही.

मध्यंतरी त्यांस एक बेट लागते. सारे बेट हिरव्या शेवाळाचे, गोड्या पाण्याच्या तळ्यांचे; खावयास, प्यावयास मुबलक. रात्री मात्र तेच पाणी आम्ल होऊन सर्वांस खाते; आणि एका झाडाच्या फळाच्या पाकळ्या उलगडता उलगडता आत माणसाचे दात सापडतात. पूर्वी कोणी येथे सुखाने राहिला होता आणि बेटाने त्यास हळूहळू खाल्ले होते. मुलगा दुसऱ्या दिवशी पुन्हा समुद्रात निघतो. आयता दिलासा असा असतो हे आम्ही येथे शिकलो.

आणि आता शेवट. मेक्सिकोच्या इस्पितळात जपानी सरकारचे दोन अधिकारी, ओकामोटो आणि चिबा, जहाज कशाने बुडाले याची चौकशी करावयास येतात. वाघाची गोष्ट त्यांस पटत नाही. वानरी केळ्यांच्या ढिगावर तरंगत आली असे मुलगा सांगतो, तेव्हा ओकामोटो म्हणतात, केळी पाण्यावर तरंगत नाहीत. मुलगा म्हणतो, पाण्यात टाकून पाहा. टाकतात, तो केळी तरंगतात! तरी त्यांस ‘खरी हकीकत’ हवीच असते. तेव्हा मुलगा दुसरी कथा सांगतो. तीत एकही जनावर नाही. होडीत चार माणसे : पाय मोडलेला खलाशी, जहाजावरील आचारी, आई आणि तो. आचारी खलाशास मारतो, मग आईस मारतो, आणि मुलगा आचाऱ्यास मारतो. झेब्रा कोण, तरस कोण, वानरी कोण, हे अधिकाऱ्यांच्या ध्यानात येते. आणि मग वाघ कोण हेही येते. मुलगा विचारतो की, जहाज कशाने बुडाले हे दोहोंपैकी एकाही कथेने कळत नाही, तर मग तुम्हांस कोणती कथा अधिक बरी वाटते? दोघेही वाघाची म्हणतात. मुलगा त्यांचे आभार मानतो आणि देवाचेही असेच आहे अशा आशयाचे बोलतो.

बंधुभगिनींनो, येथे आमचा लेखकाशी मतभेद झाला आणि तो अद्याप पूर्ण मिटलेला नाही. ही कथा ऐकून देवावर विश्वास बसेल, असे आरंभी पाँडिचेरीचा एक वृद्ध गृहस्थ सांगतो. आम्ही जन्मभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. उत्तर गोड आहे म्हणून आम्ही कधी गुण दिले नाहीत. दोन कथांतील बरी वाटेल ती घ्यावी, या न्यायाने देव सिद्ध होत असेल तर तो फार स्वस्त देव झाला. पुस्तक मिटताना आमच्या मनात हेच आले, आणि त्याच रात्री आमच्या मातोश्रींची आठवण होऊन झोप उडाली.

१९६९ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस आमचे वडील मंगळुरी कौले भरलेल्या गलबतावरून परत येत होते. पावसाळ्यापूर्वीची ती शेवटची खेप. कारवारच्या पलीकडे वादळात गलबत फुटले. आम्ही त्या वेळी आठ वर्षांचे. पंधरा दिवसांनी एकच खलाशी गावी परतला. मातोश्रींनी मात्र आम्हां भावंडांस सांगितले की, तुमच्या वडिलांस कोणा परदेशी जहाजाने उचलून घेतले आहे. ते पलीकडच्या कुठल्याशा बंदरात आहेत, येतील. कपाळीचे कुंकू त्यांनी पुसले नाही. दर नारळी पौर्णिमेस त्या दोन नारळ घेऊन किनाऱ्यावर जात. एक सर्वांसारखा, आणि दुसरा वडिलांच्या वाटेचा. मासळी सुकवून व विकून त्यांनी आम्हांस शिकविले. १९७७ साली, म्हणजे कादंबरीतला मुलगा होडीत होता त्या वर्षी, त्याच्याच वयाचे आम्ही मॅट्रिक झालो.

१९८१ साली बहिणीचे लग्न ठरू लागले. लग्नपत्रिकेत वडिलांच्या नावाआधी काय छापावयाचे हा प्रश्न निघाला. कायद्याने सात वर्षे वार्ता नसलेला मनुष्य मृत धरतात, आणि शास्त्राप्रमाणे बारा वर्षांनी पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचे दहन करतात. बारा वर्षे भरली होती. वडीलधाऱ्या नातलगांनी आग्रह धरला. आम्ही वीस वर्षांचे, नुकतेच मास्तर झालेले, सत्याचा मोठा अभिमान बाळगणारे. आम्ही त्या वाचलेल्या खलाशास घरी बोलाविले आणि चार माणसांदेखत मातोश्रींसमोर त्याच्याकडून हकीकत वदवून घेतली. रात्रभर दोघे एका फळीला धरून होते. पहाटे वडिलांचा हात सुटला, एवढीच ती हकीकत.

मातोश्रींनी ती खाली मान घालून ऐकली. म्हणाल्या, “तू मास्तर आहेस बाबा. तुझंच बरोबर असेल.” मग आत जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने कुंकू पुसले. लग्नात त्या मागल्या पडवीत बसल्या. त्यानंतर १९९८ साली त्या वारल्या तोवर नारळी पौर्णिमेस किनाऱ्यावर कधी गेल्या नाहीत. वाद आम्ही जिंकला होता.

त्यांच्या बाराव्यास तो खलाशी, फार थकलेला, भेटावयास आला. तेव्हा त्याने जे सांगितले ते आम्ही आजवर घराबाहेर बोललो नव्हतो. तो म्हणाला, “मास्तर, तुमच्या आईनं मला एकूणसत्तर सालीच विचारलं होतं. मी परतलो त्याच आठवड्यात. मी तेव्हाच सगळं सांगितलं होतं.” म्हणजे बारा वर्षे दोन्ही कथा त्यांस ठाऊक होत्या. अंधारात होतो ते आम्ही.

हे ऐकून वीस वर्षे झाली तरी त्याचा अर्थ आम्हांस लागला नव्हता. तो या पुस्तकाने लागला. पाय याला दुसरी कथा ठाऊक नव्हती असे नाही. ती त्याच्या हातून घडली होती. ती ठाऊक असूनही तो पहिली सांगतो, आणि विचारले असता दुसरीही लपवीत नाही. तो ओकामोटो चौकशीस आला होता तरी शेवटी नम्र झाला. सरकारी अहवालात त्याने लिहिले की, इतके दिवस समुद्रावर तगलेले थोडे, आणि वाघाच्या संगतीत तगलेला तर दुसरा कोणीच नाही. आमच्या घरच्या चौकशीत मात्र ओकामोटोचे काम आम्हीच केले आणि अहवालाच्या जागी कुंकू पुसावयास लाविले.

देवाच्या सिद्धतेविषयीचा आमचा आक्षेप आजही कायम आहे. परंतु आम्हांस आता असे दिसते की, मातोश्रींची कथा ही सत्याविरुद्ध दिलेली साक्ष नव्हतीच. तो त्यांचा नित्यनेम होता. तीन लेकरांचा वाघ पोसावयास लागणारे बळ त्यांनी त्यातून रोज काढले. आणि ती अगदीच वेडी आशाही नव्हती. दुसऱ्या महायुद्धात पून लिम नावाचा चिनी खलाशी दक्षिण अटलांटिकमध्ये तराफ्यावर १३३ दिवस एकटा जगला. साल्व्हादोर आल्व्हारेंगा हा कोळी २०१२ च्या नोव्हेंबरात मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून वाहवत गेला तो २०१४ च्या जानेवारीअखेर, सुमारे १४ महिन्यांनी, मार्शल बेटांस जिवंत लागला. समुद्र कधीमधी माणूस परत देतो, हे किनाऱ्यावरच्या बायकांस आम्हां शिकलेल्यांपेक्षा अधिक कळत होते.

पुस्तकात आणखी एक जागा आहे. किनारा लागताच वाघ उडी मारून रानात शिरतो आणि एकदाही वळून पाहत नाही. सर्व सोसलेला तो मुलगा त्या वेळी पोरासारखा रडतो. जीव वाचला म्हणून नव्हे, तर निरोप घ्यावयाचा राहून गेला म्हणून. ज्यांच्या घरचे माणूस समुद्रावरून परत आले नाही, त्यांचे दुःख मरणाचे असते त्याहून अधिक या राहून गेलेल्या निरोपाचे असते. मातोश्रींचा तो दुसरा नारळ म्हणजे त्यांनी दरसाल घेतलेला निरोपच असावा. तो आम्ही बंद पाडला.

अध्यक्षमहाराज, ही कबुली या सभेत देण्यास कारण आहे. आजही आपल्या किनाऱ्यावर दर दोन-चार वर्षांनी एखादी होडी परत येत नाही. आजही नातलग जमतात, आणि बाईच्या कपाळावर काय असावे याचा निर्णय बाईखेरीज सर्वजण घेतात. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने ठराव करून विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद केल्या, आणि शासनाने इतर गावांनी त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. आपल्या मंडळाने असा ठराव करावा, आणि ज्या घरातील माणूस बेपत्ता आहे त्या घराने केव्हा व कोणता विधी करावा हे त्या घरच्या पत्नीवर व मातेवर सोपवावे, अशी आमची कार्यकारिणीस नम्र विनंती आहे. लग्नपत्रिका छापावयाची खोळंबली तर खोळंबू द्यावी.

तरुणांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. मंडळाच्या ग्रंथालयास आमची प्रत आज देत आहोत. पानापानांच्या कडेस पेन्सिलीने शब्दार्थ लिहिलेले आहेत, ते नवख्या वाचकास उपयोगी पडतील. यंदाच्या नारळी पौर्णिमेस आम्ही दोन नारळ घेऊन किनाऱ्यावर गेलो होतो. ज्यांच्या घरी असा दुसरा नारळ आहे त्यांनी पुढच्या खेपेस आमच्याबरोबर यावे.